बाग सासूबाईंसाठी, पण झोपायला खोली कुठाय?

पत्र

ताई, नमस्कार. आम्ही बेळगावच्या वडगावचे. सासरचं वडिलोपार्जित कौलारू घर आहे, मागं मागाची शेड, त्यामागं परडं. सासरे गेल्यावर माग विकून सोडले, शेड रिकामीच आहे. घरात मी, मिस्टर, चौथीतली मुलगी आणि एकाहत्तर वर्षांच्या सासूबाई. मिस्टर पुण्याच्या कंपनीचं काम घरून करतात, रात्री साडेअकरापर्यंत त्यांचे परदेशी कॉल चालतात. मी शाळेत शिकवते.

स्टेशनच्या अंगाला एक जुनं गोदाम नवं करून ओळीनं सहा लॉफ्ट फ्लॅट काढलेत. त्यातला टोकाचा आम्हाला आवडलाय. १८ फूट उंच हॉल, छप्पर पेलणाऱ्या जुन्या सागवानी कैच्या तशाच ठेवल्यात, वर नवा पत्रा. पोटमाळ्यावर दोन बेडरूम, त्यांना हॉलच्या बाजूला भिंत नाही, कठडा आहे. वर जायला लोखंडी गोल जिना. मागं उत्तरेला १२ बाय ३० फुटांची बाग, तिला दार फक्त आमच्या स्वयंपाकघरातून. सहांत 'प्रायव्हेट गार्डन' असलेला हा एकच, असं एजंट सांगतो. सासूबाईंना परड्याची सवय म्हणून मुद्दाम बाग बघितली. बागेच्या कोपऱ्यात दोन लोखंडी झाकणं आहेत, त्यांवर कुंड्या ठेवता येतील म्हणे. पण पैशासाठी वडगावचं घर विकावं लागेल. सासूबाई एवढंच म्हणतात, "तुमचं तुम्ही बघा की." नणंदबाई गडहिंग्लजला असतात, त्या काहीच बोलत नाहीत.

घ्यावा का? सासूबाईंना कसं पटवू? आणि सुनेनं घर विकायला लावलं असा बोल माझ्यावर येईल का?

ता. क. गोल जिन्यावरून लोखंडी कपाट वर जाईल का?

– वडगावची सून

उत्तर

सप्रेम नमस्कार.

आधी उत्तर देते, कारणं मागून. तिघांना हा फ्लॅट चालेल. चौघांना, आत्ता आहे तसा, चालणार नाही. आणि वडगावचं घर विकून तर घेऊच नका. बाग सासूबाईंसाठी घेतोय असं तुम्ही सुचवलंय, पण तुमच्या पत्रातल्या घरात मी वर-खाली सगळीकडं फिरून आले, सासूबाई झोपणार कुठं ते काही सापडलं नाही.

वरच्या दोन बेडरूम म्हणजे एक तुमची, एक मुलीची. सासूबाईंना वर पाठवायचं म्हटलं तर जिना गोल. गोल जिन्याची पायरी आतल्या बाजूला निमुळती होत जाते, अख्खा पाय मावतो तो फक्त बाहेरच्या कडेला. रात्री दोन वाजता बाथरूमला उठलेल्या एकाहत्तर वर्षांच्या बाईनं तो हिशोब करत उतरायचं का? म्हणजे त्या खालीच, हॉलमध्ये सोफा-कम-बेडवर. त्या साडेनऊला आडव्या होणार आणि डोक्यावर, कठड्याच्या पलीकडं, मिस्टरांचा कॉल सुरू होणार. पहाटे पाचला त्या उठणार, बंब नाही तरी गीझर लावणार, देवापुढं घंटा वाजवणार, आणि वर तुम्ही तिघं जागे. १८ फुटी उघड्या हॉलमध्ये आवाजाला अडवायला काही नसतं. वासालाही नसतं. सुक्या मिरचीची फोडणी खाली पडली की ठसका वर बेडरूममध्ये लागतो आणि कपाटातल्या साड्यांना दुसऱ्या दिवशीपर्यंत वास राहतो. चिमणी दिली असेल तर तिचा पाईप खरंच भिंतीबाहेर काढलाय का बघा. पुष्कळ ठिकाणी ती हवा गाळून परत घरातच सोडणारी बसवतात.

यावर उपाय आहे. पोटमाळ्याच्या खाली, जिथं उंची तशीही आठ-नऊ फूटच उरते, तिथं १० बाय ११ ची एक बंद खोली काढून घ्या. विटांची किंवा ब्लॉकची भिंत, नीट लागणारं दार, बागेकडं खिडकी आणि खालचं बाथरूम त्या खोलीला लागून. जिप्समचं पार्टिशन घालू नका, त्यातून कुजबुजसुद्धा ऐकू येते. हॉल लहान होईल, फोटोतली ऐट जाईल. बिल्डर ताबा देण्याआधी हे करून देत असेल तर पुढचं वाचा. "डिझाईन बिघडतं" म्हणाला तर ते घर तुमच्या कुटुंबासाठी काढलेलं नाही, एवढं समजून घ्या.

आता बाग. हिच्यावर मी जरा वेळ घालवणार आहे, कारण अख्खा व्यवहार हिच्या नावावर चाललाय.

उत्तर म्हणजे कुबेराची दिशा असं एजंटनं सांगितलंच असेल. असेलही, पण मेथीला कुबेर नको, ऊन पाहिजे. बेळगाव जवळपास १६ अंश उत्तर अक्षांशावर आहे. डिसेंबरात भर दुपारी बारालासुद्धा आपल्याकडं सूर्य दक्षिणेला कललेला असतो, साधारण ५१ अंशांवर. १८ फुटी भिंतीची सावली तेव्हा उत्तरेला पंधराएक फूट पडते. तुमची बाग १२ फूट. दिवाळीनंतर संक्रांत उलटेपर्यंत तिला ऊन जवळजवळ नाहीच, आणि परड्यात भाजी-फुलं धरायचे आपले दिवस नेमके तेच. मेच्या पहिल्या आठवड्यापासून ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यापर्यंत दुपारचा सूर्य उत्तरेच्या अंगाला येतो, तेव्हा ऊन मिळेल. पण त्यातला निम्म्याहून जास्त काळ आभाळ भरलेलं. अळू येईल, झकास येईल. पुदिना, नेचे येतील. अबोली तग धरेल, गजऱ्यापुरती फुलं देईल असं नाही. शेवंती, कोथिंबीर आणि तुळस या तिघींची आशा सोडा. सासूबाईंच्या परड्यात आत्ता काय काय आहे त्याची यादी करा आणि तिच्यातलं काय इथं जगेल ते त्यांनाच विचारा. त्यांना तुमच्या एजंटपेक्षा जास्त कळतं.

मग ती दोन झाकणं. फोटोत बघून ठरवू नका, उघडून दाखवायला सांगा. एक बहुतेक पाण्याच्या संपचं, म्हणजे जमिनीखालच्या टाकीचं असेल. दुसरं जर ड्रेनेजच्या चेंबरचं निघालं, तर सहा फ्लॅटची लाईन तुमच्या टोकाला येऊन मिळते असा त्याचा बहुधा अर्थ. जुलैत धो धो पाऊस लागून राहिला आणि लाईन तुंबली की पहिल्यांदा तुमच्या बागेतला चेंबर भरून वर येणार. आणि तो साफ करायला बांबूच्या पट्ट्या घेऊन येणारी माणसं येणार कुठून? दार फक्त तुमच्या स्वयंपाकघरातून. तुम्ही देवाचा नैवेद्य करत असताना तो लवाजमा ओट्यापाशी उभा आहे, असं डोळ्यापुढं आणा. बाहेरून वेगळं फाटक काढलं तर हा प्रश्न सुटतो, पण मग फाटकाची किल्ली सहाजणांकडं, आणि 'प्रायव्हेट'चं काय राहिलं? मी असते तर बिल्डरला चेंबर बागेबाहेर हलवायला लावलं असतं, नाहीतर बागेचे म्हणून लावलेले पैसे कापून मागितले असते.

जाताना एक लोखंडी सळई घेऊन जा आणि हिरवळीत चार ठिकाणी दाबून बघा. सहा इंचांवर टणक लागलं तर खाली गोदामाचा राडारोडा पुरून वर लाल मातीचा थर पसरलाय. त्यात गवत उगवतं, झाड धरत नाही.

राहिला कागद. बागेचं दार तुमच्याकडं आहे म्हणून बाग तुमची होत नाही. बिल्डरांच्या व्यवहारांवर लक्ष ठेवणाऱ्या २०१६ च्या रेरा कायद्यात गच्च्या, उद्यानं, मोकळं पार्किंग हे सामाईक जागेत धरलेलं आहे. कार्पेट एरियात, म्हणजे घरातल्या प्रत्यक्ष वापरायच्या जागेत, तर स्वतःची बाल्कनी किंवा उघडी गच्चीही धरत नाहीत, बागेचं सोडाच. म्हणून फ्लॅटचा दर कार्पेट एरियावर काढायला लावा आणि बागेचे म्हणून किती लावलेत ते वेगळं विचारा. इमारतीभोवती नियमानं सोडावी लागणारी मोकळी जागा हिरवळ टाकून 'गार्डन' म्हणून विकायची पद्धत सगळीकडं आहे. तशी असेल तर तिच्यावर उरलेल्या पाचजणांचाही हक्क लागतो आणि उद्या तुम्ही तिथं साधं छप्पर टाकलं तरी तक्रार होते. खरेदीपत्राच्या शेड्यूलमध्ये बागेची लांबी-रुंदी आणि चतुःसीमा आली पाहिजे, ती मालकीची की नुसती वापरायला हेही स्पष्ट पाहिजे. नुसती वापरायला असेल तरी हरकत नाही, पण मालकीचा भाव देऊ नका. रेराचा नोंदणी क्रमांक मागाल तर बहुधा नाही म्हणतील. जागा ५०० चौरस मीटरपर्यंत किंवा फ्लॅट आठपर्यंत असले तर नोंदणी सक्तीची नसते, तेव्हा त्यात काळंबेरं असेलच असं नाही. उलट तुमच्या वकिलानं जास्त बारीक बघायला पाहिजे.

बघायचं ते हे: गोदामाचं राहतं घर करायची परवानगी, मंजूर नकाशा आणि त्यात पोटमाळा दाखवलाय का, काम पुरं झाल्याचा दाखला, सिटी सर्व्हेचा उतारा, टोकाच्या फ्लॅटच्या नावाचा वेगळा ई-खाता (मालमत्तेचा सरकारी नोंदीचा उतारा) आणि बोजाचा दाखला, ज्याला आपण सगळे ई.सी. म्हणतो. नव्या कागदांतलं कन्नड वाचून देणारे घरोघरी आहेत. अडतं ते जुन्यात. १ नोव्हेंबर १९५६ पर्यंत आपण मुंबई राज्यात, बेळगावातलं शहापूर तर त्याच्याही आधी सांगली संस्थानात. इतकं जुनं गोदाम असेल तर मूळ कागद मराठीत, कधी मोडीत निघतो. "तो जुना कागद काही कामाचा नाही" असं कोणी म्हणालं तर तोच आधी वाचून घ्या. वाटणीत राहिलेला चुलतभाऊ त्यातच लपलेला असतो.

भिंती आणि छप्पर थोडक्यात सांगते. जुनी भिंत जांभ्या दगडाची, माती-चुन्यात बांधलेली असेल आणि तिच्यावर आता सिमेंटचा गिलावा आणि प्लास्टिक पेंट चढवला असेल, तर आतली ओल बाहेर पडायला वाट राहत नाही. फेब्रुवारी-मार्चात भिंत नवरीसारखी दिसते, श्रावणात लोणा फुटतो. पश्चिमेच्या भिंतीवर, फरशीपासून हातभर उंचीवर, नाण्यानं ठोकत जा. बद्द आवाज आला की गिलावा सुटलेला. भिंतीला आतून पॅनेल ठोकून झाकलं असेल तर एक पॅनेल काढून दाखवायला सांगा. पत्र्याचं म्हणाल तर साधा आहे की पफ पॅनेल (दोन पत्र्यांमधे फोम भरलेलं), एवढाच प्रश्न. साध्या पत्र्याखाली बेळगावच्या पावसात शेजारी बसलेल्या माणसाचं बोलणं ऐकू येत नाही, तिथं मिस्टर जून ते सप्टेंबर परदेशी साहेबांशी काय बोलणार? आणि एप्रिलात दुपारी तीनला पोटमाळ्यावर अर्धा तास बसून या. सगळ्या घराची गरम हवा तिथंच जाऊन साठते. कैच्यांच्या वर, अगदी आढ्यापाशी, हवा जायला झरोके ठेवलेत का बघा. एवढं बघायला पावसाळा जाऊ दे म्हटलं की "या आठवड्यापुरताच हा दर" असं ऐकायला मिळेल. ऐकून घ्या आणि घरी या.

आता वडगावच्या घराचं. हे पत्रात तुम्ही एका ओळीत उरकलंत, पण गाठ इथं आहे. वडिलोपार्जित घर, सासरे गेलेले. म्हणजे त्यात सासूबाई, मिस्टर आणि नणंदबाई तिघांचा हक्क. २००५ च्या दुरुस्तीनंतर वडिलोपार्जित मालमत्तेत मुलीचा हक्क मुलाइतकाच. गडहिंग्लजहून त्या काही बोलत नाहीत, कारण त्यांना अजून कोणी काही विचारलेलंच नाही, असा माझा अंदाज आहे. त्यांच्या सहीशिवाय घेणारा पुढं येणार नाही, आणि हक्कसोडपत्राचा कागद एकदम समोर ठेवून ती सही मागितली तर माहेर कायमचं कडू होईल. दुसरं म्हणजे, घर विकून घर घेतलं की नफ्यावरच्या प्राप्तिकरात सवलत मिळते, पण ती विकणाऱ्यानंच नवं घर घेतलं तर. विकणार सासूबाई आणि नणंदबाई, नवा फ्लॅट होणार तुम्हा दोघांच्या नावावर, यात त्या दोघींच्या वाट्याचा कर तसाच अंगावर येऊ शकतो. सी.ए.ला आधी भेटा, सौदा झाल्यावर नको. आणि सासूबाईंचे पैसे जर या फ्लॅटमध्ये जाणार असतील तर त्यांचं नाव खरेदीपत्रावर लागलंच पाहिजे. यात मी तडजोड सांगणार नाही. आपल्या घरातून निघून लेकाच्या घरात पाहुणी म्हणून राहायची वेळ या वयात कोणत्याही बाईवर येऊ नये.

"तुमचं तुम्ही बघा की" याला तुम्ही होकार धरू नका. पटवायच्या मागंही लागू नका. त्यांना एकदा त्या फ्लॅटवर घेऊन जा, एजंटबरोबर संध्याकाळी दहा मिनिटं नाही, किल्ली मागून घेऊन अर्धा दिवस. थर्मासमध्ये चहा, डब्यात पोहे. त्यांना बसू दे, बाथरूमला जाऊ दे, बागेच्या दाराचा उंबरा ओलांडू दे, शेजारी कोण राहणार ते विचारू दे. त्यांचं मत तुम्हाला परतीच्या रिक्षात कळेल, न विचारता. कदाचित त्यांना बागेचं काही पडलेलं नसेल. परड्याचं काम आता झेपत नाही आणि सांगायची लाज वाटते, असंही असू शकतं. किंवा आषाढात मंगाईच्या यात्रेला पै-पाहुण्यांनी भरणारं घर हातचं जाणार, हे मनात असेल, आणि त्याला कोणत्याच फ्लॅटमध्ये तोड नाही.

बोल येईल का? येईल. घर विकलं तर तुमच्यावर येईल, सासूबाई हॉलमध्ये झोपल्या तर तुमच्यावर येईल, आणि फ्लॅट घेतला नाही तर मिस्टर कधीतरी म्हणतीलच की चांगला होता. म्हणून एक करा: सासूबाईंशी आणि नणंदबाईंशी हा विषय मिस्टरांना काढू दे. आई त्यांची, बहीण त्यांची, घर त्यांच्या वडिलांचं. तुम्ही निरोप नेणं-आणणं बंद करा. मिस्टर म्हणतील, "तूच बोल, तुझं ऐकते आई." तेव्हा हसून चहा ठेवायला जा.

तुम्ही विचारलं नाही, तरी शेडबद्दल लिहिते. उंच छप्पर, मधे खांब नाही, वरून काचेच्या कौलांतून उजेड, मागं परडं: लॉफ्ट-लॉफ्ट म्हणून तुम्ही जे बघून आलात त्यातलं बरंचसं तुमच्या शेडमध्ये आहे, आणि ऊनसुद्धा. मिस्टरांच्या कॉलसाठी आणि तुम्हा तिघांच्या राहण्यासाठी ती नीट करून घेता येईल, सासूबाई पुढच्या घरात, रात्री आवाज नाही. काम सोपं नाही. मागाचं तेल वर्षानुवर्षं फरशीत मुरलेलं असतं, त्यावर टाईल धरत नाही, जुना कोबा फोडूनच काढावा लागतो. माग बसवायचे बोल्ट आणि खड्डे भरून जमीन दाबून घ्यावी लागते. कैच्यांची टोकं जिथं भिंतीत शिरतात तिथं स्क्रू-ड्रायव्हर टोचून बघा. सहज आत गेला तर वाळवी किंवा कुज आहे, ती कैची बदलायची. फुटक्या कौलांच्या जागी दुसरी खानापूरकडून मिळतील, नुसती चाळून घ्यायला माणूस तयारीचा पाहिजे, तो हल्ली पावसाच्या तोंडाला मिळत नाही. वीज मागाच्या मीटरवर असेल, ती हेस्कॉमकडं अर्ज करून घरगुतीत बदलून घ्या, नाहीतर पुढं दंड बसेल. आणि इथंही नणंदबाईंना विचारूनच, कारण शेडही तिघांची आहे. एखाद्या चांगल्या कॉन्ट्रॅक्टरला बोलावून अंदाजपत्रक काढून घ्या. तो आकडा आणि फ्लॅटचा आकडा शेजारी-शेजारी लिहून मग तिघं बसा. चौघं म्हणते मी.

अंदाजपत्रक बघूनही फ्लॅटच हवा असं ठरलं आणि घर न विकता, कर्जावर जमत असेल, तर वरच्या अटींवर घ्या, मी नको म्हणणार नाही. टोकन देण्याआधी खालची खोली, चेंबर आणि बागेची चतुःसीमा या तिन्ही गोष्टी करारात लिहून घ्या. तोंडी नको.

ता. क. चं उत्तर: कपाट गोल जिन्यावरून जाणार नाही. हमाल ते दोर लावून हॉलमधून कठड्यावरून वर चढवतील, पण वरच्या बेडरूमना तुम्ही पुढं भिंत घालणार असाल तर त्याच्या आधी चढवा. आणि वर ठेवताना तुळईच्या वर ठेवा, दोन तुळयांच्या मधल्या फळ्यांवर नको.